झाडासाठीं बांधलेलें घर

कोंकणांत पोफळीची नवी लागवड झाली म्हणजे पहिलीं कांहीं वर्षें बागाइतदाराला एका गोष्टीचा घोर लागलेला असतो. ती गोष्ट म्हणजे पश्चिमेचें ऊन. दुपार कलल्यावर येणारें तें तिरपें ऊन कोंवळ्या खोडावर पडलें कीं खोड भाजतें, आणि तो डाग झाडाला जन्मभर पुरतो. म्हणून त्या अंगाला केळी लावतात, रोपांवर झावळ्यांची सांवली धरतात, खोडाला पेंढा बांधतात. झाड मोठें होऊन आपली सांवली आपण धरूं लागेपर्यंत ही चाकरी चुकत नाहीं. युरोपच्या उत्तर भागांत चारशें वर्षांहून अधिक काळ माळी लोक अशीच एक चाकरी करीत आले आहेत. मात्र तेथें झाड झांकावयाचें तें उन्हापासून नव्हे, हिंवापासून. आणि नुसतें झांकून भागत नाहीं. झांकलेल्या जागेंत विस्तव ठेवावा लागतो. नारिंग, ताड, खजूर अशीं उष्ण देशांतलीं झाडें जेथें नद्या गोठतात अशा मुलखांत लावावयाचीं, आणि हिंवाळा आला कीं त्यांच्या भोंवतीं घर उभें करून तें ऊबदार ठेवावयाचें, या खटाटोपाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. त्यांत राजे आहेत, शिल्पी आहेत, युद्धें आहेत. आणि रात्रभर जागून भट्टींत कोळसा लोटणारीं, जीं कोण होतीं हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं, अशीं पुष्कळ माणसें आहेत.

ताडाच्या कुळांतल्या झाडांना हिंव इतकें कां बाधतें, हें कोंकणांतल्या वाचकाला फार समजावून सांगावयास नको. गेंड्या भुंग्यानें माडाचा कोंब खाल्ला म्हणजे काय होतें तें त्यानें पाहिलेलें असतें. वडाची फांदी तोडली तर दहा ठिकाणीं नवी पालवी फुटते. थंड मुलखांतला ओक तर दर हिंवाळ्यांत सगळीं पानें टाकून नुसत्या सांगाड्यानें उभा राहतो आणि वसंतांत शेंकडों डोळ्यांनीं फुटतो. माडाला असा दुसरा डोळा नाहीं. त्याचा सारा जीव शेंड्यांतल्या एका कोंबांत. वर्षावर्षाला खोड जाड करीत जाण्याची व भोंवतीं साल चढविण्याची जी सोय इतर वृक्षांना आहे, तीहि या कुळाला नाहीं. पेशींतलें पाणी गोठलें आणि कोंब कुजला, कीं खालचें पन्नास फूट खोड नुसता खांब होऊन राहतें. हें सारें एका रात्रींत होऊं शकतें, आणि पुढें सांगावयाच्या सगळ्या हकीकतींतलें मर्म या एका रात्रींत आहे.

झाड आणि थंडी यांची गांठ पडूं न देण्याचे दोन मार्ग. झाड घराकडे न्यावयाचें, किंवा घर झाडाकडे आणावयाचें. पहिला मार्ग राजेरजवाड्यांच्या विशेष आवडीचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें व्हर्सायला १६८४ ते १६८६ या सालांत जें प्रचंड नारिंगगृह बांधविलें, तें याच मार्गाचें. लांकडी पेट्यांत लावलेलीं झाडें उन्हाळाभर अंगणांत मांडावयाचीं आणि थंडीच्या सुमारास आंत ओढून न्यावयाचीं. त्या घराच्या जाड भिंती व दक्षिणेकडील उंच खिडक्या इतक्या विचारपूर्वक योजलेल्या आहेत कीं बहुधा तेवढ्यावरच काम भागे. परंतु पेटींतलें झाड तें पेटींतलें झाड. त्याच्या मुळांना मोकळीक नाहीं. झाड जमिनींत लावून भरदार होऊं द्यावें असें ज्यांना वाटलें, त्यांना दुसरा मार्ग पत्करावा लागला. वास्तविक या मार्गाची सुरुवात ताडापासून नव्हे, नारिंगापासून झाली. पण पुढें ताडांसाठीं जें जें झालें त्याचें मूळ येथेंच आहे.

जर्मनींत नेकार नदीच्या कांठीं हायडेलबर्गचा किल्ला आहे. तेथील राजा पांचवा फ्रेडरिक याचा विवाह १६१३ सालीं इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाची कन्या एलिझाबेथ हिच्याशीं झाला, आणि नव्या राणीच्या मानाला साजेलशी बाग किल्ल्याशेजारच्या डोंगरउतारावर करण्याचें ठरलें. हें काम सालोमां द को या फ्रेंच स्थपतीकडे आलें. हा मनुष्य बागेचा जसा, तसाच यंत्रांचाहि जाणता होता. उष्णतेच्या जोरानें पाणी वर चढवितां येतें हें त्यानें १६१५ सालीं आपल्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. पुढें १६२० सालीं हायडेलबर्गच्या बागेवर त्यानें जो ग्रंथ छापला, त्यांत तेथील नारिंगबागेचें वर्णन आहे. तें थोडक्यांत असें : झाडें जमिनींत लावलेलीं, दर वर्षीं सप्टेंबर संपतां संपतां, म्हणजे सेंट मायकेलच्या सणाच्या सुमारास, त्यांच्यावर लांकडी घर उभें करीत, आंत चार भट्ट्या हिंवाळाभर पेटत्या ठेवीत, आणि बाहेर कडाक्याचें हिंव पडलें असतांहि मनुष्याला आंत थंडी न वाजतां खुशाल फिरतां येई, ईस्टरचा सण आला कीं सगळा सांगाडा उतरवीत आणि झाडें पुन्हा उघड्या आकाशाखालीं येत.

हें वाचतांना आपल्याकडच्या मांडवाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. लग्न आलें कीं मांडव, लग्न आटोपलें कीं उतरला. पण मांडवाखालीं पाहुणे चार दिवस बसतात. हा मांडव सहा महिन्यांचा, आणि पाहुणे कधींच न उठणारे. द कोला स्वतःला ही दरसालची मोडतोड पसंत नव्हती. लांकडाच्या जागीं दगडाचें कायमचें घर बांधावें, खिडक्या व छप्पर तेवढें काढतां-घालतां यावें, असा त्याचा विचार होता. परंतु त्याला तेवढी सवड मिळाली नाहीं. १६१९ सालीं फ्रेडरिकनें बोहेमियाचा मुकुट पत्करला. १६२० च्या नोव्हेंबरांत प्रागजवळच्या लढाईंत तो पार हरला. एकच हिंवाळा राज्य केलें म्हणून शत्रूंनीं त्याला ‘हिंवाळी राजा’ असें नांव ठेवलें. नारिंगांचा हिंवाळा सुखाचा व्हावा म्हणून ज्यानें एवढी तजवीज केली, त्याच्याच कपाळीं हें नांव यावें, हा इतिहासाचा विनोद मोठा क्रूर खरा. १६२२ सालीं हायडेलबर्ग शत्रूच्या हातीं पडलें. बाग अपुरीच राहिली ती कायमची.

इंग्लंडांतहि असाच एक मांडव होता. लंडनच्या दक्षिणेस बेडिंग्टन येथें सर फ्रान्सिस केर्‍यू यानें सोळाव्या शतकांत नारिंगाचीं झाडें जमिनींत लावलीं होतीं. रोजनिशी लिहिण्याबद्दल प्रसिद्ध असलेला जॉन एव्हलिन १६५८ सालीं तेथें गेला, तेव्हां तीं जुनीं, दाट वाढलेलीं झाडें व हिंवाळ्यांत त्यांच्यावर घालण्याचा लांकडी मंडप आणि शेगड्या यांची त्यानें नोंद केली. हीं झाडें शतकाहून अधिक काळ जगलीं. शेवटीं १७३९-४० च्या हिंवाळ्यांत, जो इंग्लंडांत ‘मोठें हिंव’ म्हणून लोकांच्या तोंडीं राहिला, तीं मेलीं. दीडशें हिंवाळे ज्या व्यवस्थेनें निभावले, ती एका हिंवाळ्याला पुरी पडली नाहीं. असल्या राखणींत हिशेब असा उलटा असतो. शंभर वर्षांची जागरूकता जमेस धरली जात नाहीं. एक चूक मात्र खर्ची पडते.

उघड्या शेगडीचा आणखी एक दोष लौकरच ध्यानांत आला. कोळशाचा धूर आणि कोरडी धग यांनीं झाड गुदमरतें, पानें करपतात. राखणाऱ्या माणसाच्याहि जिवावर बेततें. विस्तव बाहेर व ऊब आंत, अशी कांहीं युक्ति पाहिजे होती. लंडनजवळ चेल्सी येथील औषधिबागेंत एव्हलिननें १६८५ सालीं ती पाहिली. झाडांच्या घराखालीं विटांचें तळघर करून त्यांत भट्टी ठेवली होती, आणि जमिनींतून ऊब इतकी चढे कीं कडक थंडींतहि माळ्याला दारें-खिडक्या उघड्या ठेवतां येत. ज्यांनीं गारठलेल्या सकाळीं चुलीजवळच्या शेणानें सारवलेल्या जमिनीवर पाय टेकले आहेत, त्यांना या उबेची कल्पना सहज येईल.

आतां ताडाकडे वळूं. इटलींतल्या पादुआ गांवीं १५४५ सालीं स्थापन झालेली विद्यापीठाची औषधिबाग आहे. तींत १५८५ सालीं लावलेला एक पंखाताड आजहि उभा आहे. ही जात भूमध्यसमुद्राच्या कांठीं आपण होऊन वाढणारी, मूळची बुटकी, एका बुंध्यांतून अनेक खोडें काढणारी. पादुआचा हिंवाळा तिला सोसवेलच अशी खात्री नाहीं. म्हणून तिच्यावर अष्टकोनी कांचगृह उभें आहे. झाड कुठें हलविलेलें नाहीं. घर त्याच्या मापानें बांधलें आहे. १७८६ च्या सप्टेंबरांत जर्मन महाकवि ग्यटे हा तेथें आला. त्या ताडाचीं बुंध्याजवळचीं पहिलीं पानें साधीं, भाल्याच्या पात्यासारखीं. वरचीं वरचीं हळूहळू चिरत जाऊन शेवटीं पूर्ण पंखा झालेलीं. हा क्रम पाहून तो थक्क झाला. माळ्याला विनवून त्यानें त्या पानांची सगळी मालिका कापून घेतली आणि पुठ्ठ्यांत घालून बरोबर नेली. १७९० सालीं त्यानें वनस्पतींच्या रूपांतरावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या बीजांत हीं पानें होतीं. कोणा अज्ञात माळ्यांनीं दोनशें वर्षें तें झाड राखलें नसतें तर कवीला कदाचित् दुसरें कोठलें झाड भेटलें असतें. परंतु भेटलें तें हें. आज त्याला ग्यटेचा ताड म्हणतात. माळ्याचें नांव त्याला मिळालें नाहीं, आणि मिळण्याचा संभवहि नव्हता.

एकोणिसाव्या शतकांत सगळेंच बदललें. लोखंडाचे बांकदार गज तयार होऊं लागले, कांच स्वस्त झाली (इंग्लंडांत कांचेवरील कर १८४५ सालीं उठला), आणि उन्हाळी देशांतून जहाजें भरभरून झाडें येऊं लागलीं. शेगडीच्या जागीं बंब आला, आणि तापलेलें पाणी नळांतून खेळवून घर ऊबदार करतां येऊं लागलें. आतां दर सालीं मोडावयाच्या मांडवाचें कारण उरलें नाहीं. उष्ण देशाचा एक तुकडाच कांचेखालीं कायमचा वसवितां येऊं लागला. चॅट्सवर्थ येथें डेव्हनशरच्या ड्यूकसाठीं जोसेफ पॅक्स्टन यानें १८३६ ते १८४० या सालांत असें घर उभारलें. तें २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद होतें. त्यासाठीं आठ बंब व सात मैल लांबीचे नळ होते. कोळसा जमिनीखालच्या रुळांवरून येई आणि धूर डोंगरावरच्या झाडींत दडविलेल्या धुरांड्यांतून जाई, म्हणजे पाहणाराला ही ऊब कोठून येते त्याचा पत्ता लागूं नये. १८४३ सालीं व्हिक्टोरिया राणीची गाडी हजारों दिव्यांच्या उजेडांत त्या घरांतून, केळी-ताडांच्या मधून, चालत गेली. याच पॅक्स्टननें पुढें १८५१ सालीं लंडनचा स्फटिकप्रासाद बांधला. बंगळूरच्या लालबागेंतलें १८८९ चें कांचघर त्याच प्रासादाच्या धर्तीचें आहे. फरक एवढाच कीं बंगळूरला बंबाची गरज नव्हती.

लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानांतलें ताडगृह १८४४ ते १८४८ या सालांत झालें. आराखडा डेसिमस बर्टनचा. पण तें ज्याच्या डोक्यांतून उभें राहिलें तो खरा डब्लिनचा लोहार-कारखानदार रिचर्ड टर्नर. जहाजाच्या तक्तपोशीखालीं वापरण्याचे लोखंडी बहाल त्यानें घराला लावले, आणि त्यामुळें ३६३ फूट लांबीच्या त्या घरांत मधल्या भागांत खांबांची दाटी टळली. आंत उभें राहून वर पाहिलें तर उलटें ठेवलेलें गलबत वाटावें, अशी त्याची घडण आहे. ऊन फार लागेल या भीतीनें कांचा हिरवट घातल्या. पुढें लंडनच्या धुरानेंच उजेड इतका कमी झाला कीं १८९५ सालीं त्या काढून साध्या कांचा बसवाव्या लागल्या. जो कोळसा ताडांना जगवी, तोच त्यांचा उजेड खाई. बंब तळघरांत होते. त्यांचा धूर सुमारें पांचशें फूट लांबीच्या भुयारांतून दूरच्या एका मनोऱ्याकडे नेला होता, आणि त्याच भुयारांतून कोळशाच्या गाड्या येत. कल्पना सुरेख, पण तळघरांत पाणी शिरे, भट्ट्या विझूं पाहत, आणि भर हिंवाळ्यांत लोकांची धांवपळ उडे.

या थाटामागें कोण होतें, तें विसरतां येत नाहीं. इंग्लंडांतल्या मोठ्या बागांतून तरुण उमेदवार माळ्यांना बागेच्या उत्तरेकडील भिंतीच्या आडोशाला, जेथें ऊन कधीं फिरकत नाहीं अशा खोल्यांत, राहावयास देत. पाळीपाळीनें रात्रीं उठून बंबाची आंच सांभाळणें हें त्यांच्या कामाचाच भाग. ताडाला ऊब, आणि ती देणाराची खोली गार! शिवाय हीं झाडें जेथून आलीं ते देश कोणाच्या सत्तेखालीं होते, आणि सिंकोना व रबर यांच्यासारखीं पिकें एका खंडांतून दुसऱ्या खंडांत हलविण्यांत क्यूचा हात किती होता, हें आठवलें म्हणजे ताडगृह नुसतें शोभेचें वाटेनासें होतें. तरीहि प्रस्तुत लेखकाला त्या घराचा राग येत नाहीं. परक्या झाडासाठीं इतकें जागणारीं माणसें सर्वस्वी वाईट कामाला लागलीं होतीं असें म्हणवत नाहीं.

बर्लिनजवळ मोराच्या बेटावर १८३१ सालीं पुरें झालेलें ताडगृह तर आपल्याला जवळचें वाटावें असें होतें. तिसऱ्या फ्रेडरिक विल्यम राजानें पॅरिसहून ताडांचा एक मोठा संग्रह विकत आणला, आणि तो ठेवण्याच्या घरांत बंगालच्या एका संगमरवरी देवळाचे भाग बसविले. ब्लेखेन या चित्रकाराच्या चित्रांत तें घर आहे. ताडांच्या छायेंत हिंदी वेषांतल्या स्त्रिया बसल्या आहेत. बर्लिनच्या धुक्यांत बंगालचें स्वप्न! १८८० च्या मे महिन्यांत तें सगळें आगींत जळालें. पुन्हा बांधलें गेलें नाहीं.

इतका खर्च चालला असतां एक गोष्ट मात्र साधीच निघाली. सगळ्या ताडांना विस्तव लागत नाहीं. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकानें १८४९ सालीं चीनमधून एका पंखाताडाचीं रोपें क्यूला धाडलीं. त्याच्या खोडावरच्या काथ्याचीं तेथले शेतकरी पावसाळी पांघरुणें करतात. आपल्या इरल्याचा हा चिनी भाऊच. हा ताड बर्फांतहि तगतो असें दिसून आलें. त्यांतलें एक रोप १८५१ सालीं वाइट बेटावर, राणीच्या ऑस्बोर्न येथील वाड्याच्या बागेंत, उघड्यावर लावलें. याच जातीचा एक सख्खा नातलग कुमाऊंच्या डोंगरांत, सुमारें ७,००० फूट उंचीवर, बर्फ पडणाऱ्या रानांत आपणहून वाढतो. इटालियन पंडित बेक्कारी यानें १९०५ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. चीनचा हा काटक ताड आज युरोप-अमेरिकेंतले हौशी लोक परसांत लावतात. फारच थंड गांव असलें तर हिंवाळ्यापुरती फळ्यांची वा पातळ पत्र्यांची पेटी त्याच्या भोंवतीं उभी करतात, आंत विजेची तापणारी तार सोडतात, आणि आपोआप चालूबंद होणारें यंत्र जोडतात. हायडेलबर्गचा मांडवच हा. माणसाच्या जागीं बटण आलें एवढेंच. वीज गेली म्हणजे मात्र मालकाला हायडेलबर्गच्या माळ्याइतकीच झोप लागते.

कारण बंब पेटता ठेवणें ही गोष्ट शेवटीं बागेच्या हातांत नसते. १९१४ चें युद्ध आलें. चॅट्सवर्थला कोळसा मिळेना. सात मैलांचे नळ गार पडले आणि झाडें मेलीं. १९२० सालीं पॅक्स्टनचें तें घर सुरुंग लावून पाडून टाकलें. परंतु याहून दारुण हकीकत लेनिनग्राडची. तेथील बाग पीटर राजानें १७१४ सालीं स्थापिलेली. तिचें मोठें ताडगृह १८९९ सालीं पुरें झालें होतें. रशियन लेखक गार्शिन याची १८८० सालची एक कथा अशाच एका कांचगृहांतल्या ताडाची आहे : तो स्वातंत्र्यासाठीं वाढत वाढत जातो, छताची कांच फोडतो, आणि बाहेर त्याला भेटतें तें पावसाळी, बर्फाळ, करडें आकाश. कथेंतला ताड आपल्या इच्छेनें कांच फोडतो. १९४१ च्या नोव्हेंबरांत, शहराला वेढा पडला असतां, ती बाँबनें फुटली. रशियाचा हिंवाळा आंत शिरला आणि उष्ण देशांतलीं बहुतेक झाडें गोठलीं. ज्या शहरांत माणसें भुकेनें मरत होतीं, तेथें ताडासाठीं कोळसा कोण मागणार? तरीहि बागेंतल्या माणसांनीं जें हलवितां आलें तें हलविलें. कुर्नाकोव्ह नांवाच्या माळ्यानें निवडुंगांचा संग्रह आपल्या घरीं नेऊन जपला. ज्या घरांत स्वतःला शेकावयास लांकूड नाहीं, तेथें त्या कुंड्या कशा जगल्या असतील याचा विचार केला कीं मन थबकतें. बड्या ताडांना मात्र घरीं नेतां येत नव्हतें. युद्ध संपल्यावर काळ्या समुद्राकांठच्या सुखुमीसारख्या उबदार बागांतून पुन्हा झाडें आणलीं; आणि वेढ्यांतून वांचलेल्या थोड्या झाडांना आजहि फीत बांधून वेगळें ओळखतात.

झाडाला घर लहान पडल्याचा प्रसंगहि घडला आहे. क्यूच्या समशीतोष्ण गृहांत चिलीचा एक मद्यताड होता. बीं पेरलें १८४६ सालीं. वाढतां वाढतां तो छताला टेकला. १८४६ चें तें रोप हलविण्याच्या पलीकडे गेलें होतें. २०१३ सालीं घर दुरुस्तीसाठीं बंद झालें तेव्हां त्याला तोडण्याखेरीज इलाज उरला नाहीं.

झाड जागीं आणि घर चालतें, ही हायडेलबर्गची मूळ कल्पना मात्र मेली नाहीं. ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झच्या राजवाड्याच्या बागेंत एक कामेलियाचें झाड आहे. तें ताड नव्हे. पण जपानी कुळाचें व थंडीला भिणारें. १८०१ सालीं तें जमिनींत लावलें. प्रथम पेंढा व चटया, मग दर हिंवाळ्यांत लांकडी घर आणि आंत शेगडी, असें त्याचें चाले. १९०५ च्या जानेवारींत त्या घराला आग लागली. विझविण्यासाठीं मारलेलें पाणी कडाक्याच्या थंडींत झाडावर गोठून त्याचें कवच झालें, आणि त्या बर्फाच्या कवचाखालीं झाड वांचलें; पुढें त्याला पुन्हा धुमारे फुटले. १९९२ सालीं त्याच्यासाठीं रुळांवर चालणारें लोखंड-कांचेचें घर झालें. तें तेरा मीटरांहून उंच व ५४ टन वजनाचें आहे. आंतली ऊब, ओल व हवा यंत्रानें सांभाळली जाते. शरदाच्या अखेरीस तें घर रुळांवरून झाडावर येतें, आणि मे महिना आला कीं सावकाश बाजूला सरतें.